डाव्या कोपऱ्यातला ठसा

बाबा, लिहायला फार उशीर झाला, रागावू नका. तुम्ही गेलात तेव्हा माझ्या मिशीत नुकते पांढरे केस दिसायला लागले होते, आता काळा एकही उरला नाही. इतकी वर्षं का लिहिलं नाही, याचं एक कारण असं की मला लिहायची सवय नाही. सातवीतून तुम्ही मला काढलं आणि रोलरला लावलं, तेव्हापासून पेन हातात आलं ते सामानाच्या यादीपुरतं किंवा सहीपुरतं. दुसरं कारण सांगायला अवघड जातं. मला वाटायचं, लिहिलं तर तुम्ही वाचाल. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणारे दुसरे लोक तो वाचणार नाही म्हणून रडत असतील. माझं तसं नाही. तुमच्याकडून दरवर्षी काहीतरी येतंच. उत्तर मीच दिलेलं नाही.

हे मी नव्या रायपूरच्या टेनिस कोर्टामागच्या खोलीत बसून लिहितो आहे. दुपार आहे. बाहेर भरपूर ऊन आहे आणि माणूस एकही नाही. तुम्ही ही बाजू पाहिली तेव्हा सगळी धानाची शेतं होती. आता सहा गाड्या शेजारी शेजारी जातील एवढे रस्ते आहेत आणि त्यांवर तासाला एखादी बस. हे रस्ते ओलांडताना मला भीती वाटते, काहीच येत नसतं म्हणून जास्त वाटते. उद्या फायनल. आज कोर्टाची विश्रांती. तुम्ही लावलेला नियम आम्ही अजून पाळतो, फायनलच्या आदल्या दिवशी मातीवर कोणी चढायचं नाही, मंत्री आला तरी नाही. सकाळी मी एकट्याने पाणी मारलं, रोलर फिरवला, काथ्याची चटई ओढून माती एकसारखी केली, चुन्याच्या रेषा मारल्या आणि बाहेर आलो. नळ बंद केला की नाही हे तीनदा जाऊन बघितलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा जे दिसलं, त्यासाठी हे पत्र.

पण आधी इथल्या मॅडमचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. इथल्या सगळ्या मैदानांचा कारभार एक मॅडम बघतात. आपल्या मराठी आहेत, साताऱ्याकडच्या, वय तुमच्या नातवाएवढं. परवा त्यांनी माझ्यासमोर कोरे कागद ठेवले. म्हणाल्या, "काका, आपल्या स्पर्धेचा इतिहास तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही. दोन पानं लिहून द्या. उद्या-परवात स्मरणिका छापायचीय." मी म्हटलं, मॅडम, मले लिहिता नाही येत नीट. "बोलता तसं लिहा की." मी बोलतो तसं लिहिलं तर त्यांना अर्धं कळणार नाही, हे मी बोललो नाही. फायनलच्या सकाळी नऊला कागद प्रेसमध्ये जाणार आहेत, संध्याकाळी बक्षीस देताना स्मरणिका वाटायची आहे. दोन दिवस मी तो कागद घेऊन बसलो. "ही स्पर्धा" एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. आज दुपारी पुन्हा बसलो तर हाताने "बाबा" लिहिलं.

इतिहास मला तुम्ही सांगितला तेवढाच येतो. आजोबा वर्ध्याकडून रेल्वेच्या लाइनीवर गँगमन होऊन रायपूरला आले, तुम्हाला मात्र रुळांचा कंटाळा, म्हणून तुम्ही क्लबात माळी लागलात. क्लबाच्या मागे साहेब लोकांचं एक लाल मातीचं कोर्ट होतं. साहेब साहेबांशी खेळायचे आणि मोठे साहेब जिंकायचे. मग एका हिवाळ्यात कोणीतरी गंमत म्हणून पोटासाठी खेळणारा एक खेळाडू नागपूरहून बोलावला. त्याने एका सकाळी पाच साहेबांना हरवलं आणि सहाव्यांदा कोण येतं म्हणून हसत उभा राहिला. त्या अपमानातून स्पर्धा निघाली, असं तुम्ही सांगायचात आणि दर वेळी तेवढंच हसायचात. पुढच्या वर्षी संक्रांत झाल्यावर तसेच पोटासाठी खेळणारे चार खेळाडू बोलावले, साहेब खुर्च्या टाकून बघायला बसले. नंतर आठ झाले, सोळा झाले. कलकत्त्याचे आले, हैदराबादचे आले, लाकडी रॅकेटी गेल्या, चकचकीत आल्या. एका वर्षी फायनलच्या आधी अवकाळी पाऊस झाला तर तुम्ही आणि आईने शेजारच्या घरांतून शेगड्या गोळा करून कोर्टावर मांडल्या होत्या. मला ते धूसर आठवतं. ओल्या लाल मातीवर निखारे, आणि आई पदराने वारा घालत एकेका शेगडीपाशी जाते आहे. फायनल झाली. हे सगळं स्मरणिकेत लिहिता येईल. यात कोणाला बोचण्यासारखं काही नाही.

कोर्टाची मातीही लिहिता येईल. विटांचा बारीक चुरा, आपल्याकडची पिवळी मटासी माती, थोडं मीठ. पण मडक्याचं लिहावं की नाही ते कळत नाही, लोक हसतील. फायनल संपली, मांडव रिकामा झाला, की चटई फिरवायच्या आधी तुम्ही कोर्टाच्या चारही कोपऱ्यांतून दोन दोन मुठी माती उचलून मडक्यात भरायचात आणि वर फडकं बांधायचात. वर्षभर ते मडकं आपल्या खोलीत फळीवर असायचं. पुढच्या हिवाळ्यात नवीन माती टाकताना आधी ती पडायची. तुम्ही तिला विरजण म्हणायचात. "जुनं नसन तं नवं जमत नाही," असं म्हणत तुम्ही ती हाताने पसरायचात, आई दुधात बोट फिरवायची तसं. म्हणजे पहिल्या स्पर्धेची माती, थोडी का होईना, शेवटच्या स्पर्धेत असते. लहानपणी मला ते खरं वाटायचं. मोठेपणी गंमत वाटायची. आता पुन्हा खरं वाटतं, आणि लहानपणी वाटायचं तसं बरं वाटत नाही.

आणि तुमचं उभं राहणं. ते तर लिहायलाच हवं, कारण मॅडमने मुद्दाम तेच विचारलं आहे. मातीवर चेंडू पडला की ठसा उठतो. कोंबडीच्या अंड्याएवढा, लांबट, चेंडू जिकडे गेला त्या बाजूला माती नखाएवढी वर आलेली. चेंडू आत की बाहेर यावर भांडण झालं की अंपायर खुर्चीवरून उतरून ठसा बघतो. पण तो उतरून येईपर्यंत कोणी पाय देऊन मिटवू नये, आणि दहा ठशांतला नेमका कोणता ते चुकू नये, म्हणून आपल्या स्पर्धेत कोर्टवाल्याने जाऊन ठशापाशी उभं राहायचं अशी पद्धत होती. दुसरीकडे कुठे ती नव्हती म्हणतात. तुम्ही अनवाणी चालत जायचात, करंजाच्या काडीने ठशाभोवती वर्तुळ काढायचात आणि हात मागे बांधून उभे राहायचात. वर्तुळ कधी पूर्ण नसायचं. अंपायरच्या खुर्चीकडची बाजू बोटभर मोकळी. मी विचारलं तर म्हणालात, "पाहणाऱ्याले दार पाहिजे का नाही?" रोलरला लागलो त्या पहिल्याच हिवाळ्यात मी धावताना एका ठशावरून गेलो होतो. सगळ्यांसमोर तुम्ही ओरडलात. "ठशावर पाय नको देऊ बे! तो खेळणाऱ्याचा आहे, तुह्या बापाचा नाही!" खुर्च्यांवरचे साहेबसुद्धा हसले, कारण बाप समोरच उभा होता. तुम्ही नाही हसलात.

छत्तीसगढचं नवीन राज्य झालं आणि स्पर्धेला बाळसं चढलं. पूर्वी जिल्ह्याचे साहेब यायचे, आता राजधानीचे यायला लागले. मांडव तिप्पट झाला, लाल दिव्यांच्या गाड्या क्लबाच्या फाटकापासून पार कोपऱ्यापर्यंत. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. डॉक्टरने तारीख दिली तर म्हणालात, टूर्नामेंट होऊ द्या. म्हणून त्या वर्षी खुर्चीच्या बाजूला तुम्ही आणि पलीकडे, करंजाच्या झाडाच्या टोकाला मी, असं ठरलं. मी तेव्हा काही पोट्टा नव्हतो. माझं पोर दहावीला होतं.

बुटांचंही सांगून टाकतो. नागपूरचा एक खेळाडू त्या वर्षी फॉर्मात होता. मराठीत बोलायचा म्हणून मला आवडायचा. सेमीफायनलच्या सकाळी मला म्हणाला, "काय हो भाऊ, अनवाणी काहून फिरून राहिले? तुमाले पाहून मलेच थंडी वाजून राहिली." आणि पिशवीतून बुटांचा जोड काढून दिला. पांढरे, दोन-तीनदा घातलेले, तळव्याला नागमोडी रेघा. बरोबर बसले. मी नको नको म्हटलं तर हसला, "घ्या हो. उद्या जिंकलो तर तुमचे, हरलो तर परत मागीन." गंमत होती ती. मला गंमत कळते, पण डोक्यातून जात नाही. तुम्ही बूट पाहिले आणि म्हणालात, "काढ ते. माती ओली का सुकी, तळव्याले कसं समजन?" मी म्हटलं, बाकी सगळे घालतात. "बाकी सगळ्यायचं कोर्ट आहे का?" मी काढले नाहीत. चाळिशी ओलांडून गेली होती आणि पायात पहिल्यांदा असं काही आलं होतं, की खाली बघत चालावंसं वाटायचं.

फायनलला समोर दक्षिणेकडचा एक उंच डावखुरा. कमी बोलायचा. प्रत्येक सामन्याआधी वाकून मातीला हात लावायचा, त्यामुळे तुमचा त्याच्यावर जीव. तिसरा सेट, पाच-चार, डावखुऱ्याला जिंकायला एक गुण हवा. त्याने आडवा फटका मारला तो माझ्या टोकाला, डाव्या कोपऱ्यात. रेषेवरच्या माणसाने हात बाहेर केला. डावखुऱ्याने बोट दाखवलं, ठसा बघा म्हणाला. मी गेलो, वर्तुळ काढलं, उभा राहिलो. अंपायर आले, वाकले. माझ्या वर्तुळातला ठसा रेषेच्या दोन बोटं बाहेर होता. तिथे त्याच्या आधीच्या फटक्यांचे आणखी ठसे होते, जवळजवळ होते, आणि दुपारचं ऊन डोळ्यांत येत होतं. मी नंतर सगळ्यांना हेच सांगितलं. डावखुरा मान हलवत राहिला. म्हणाला, "ये नहीं. दूसरा था. बाबा को बुलाओ, बाबा देखेगा."

तुम्ही त्या टोकाहून या टोकाला चालत येता आहात, हे मला अजून दिसतं. घाई नाही, पाऊल सपाट. एवढा मोठा मांडव, पण कोणी खोकत नाही. करंजाची शेंग पडली तरी ऐकू येईल. माझ्याशी तुम्ही बोलला नाहीत. माझ्या वर्तुळाकडे बघितलंसुद्धा नाहीत. गुडघ्यावर बसलात आणि उजवा तळवा मातीवर ठेवलात. वर्तुळाच्या बाहेर, रेषेला लागून, जिथून मी नुकताच बाजूला झालो होतो तिथे. पोराचा ताप बघतात तसा ठेवलात, आणि बराच वेळ ठेवलात. मग मान वर केली. माझ्या तोंडाकडे केली की बुटांकडे, मला कळलं नाही, तुमच्या बुबुळांवर दुधासारखी साय होती. आणि अंपायरला म्हणालात, "हव साहेब. पोट्ट्यानं बरोबर दाखवला. हाच आहे."

डावखुऱ्याने तुमच्याकडे बघितलं. "बाबा बोला तो ठीक," म्हणाला आणि परत जागेवर गेला. त्यानंतर त्याला एक गेम घेता आला नाही. नागपूरवाला जिंकला. बूट माझे झाले.

त्या दिवशी दिवेलागणीला मी घरी आलो तर तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलेले. मांडीवर माझा बूट उलटा. तुम्ही काडीने तळव्याच्या रेघांतली माती उकरत होतात आणि ती वाटीत पडत होती. तुमची सून पोळ्या लाटत होती. "मामाजी, ते बूट इथं काहून आणले? अन्न आहे समोर." तुम्ही म्हणालात, "माती वाया नको जायले, पोरी." मी दारातच उभा राहिलो. वाटी भरली तशी तुम्ही उठलात, फळीवरच्या मडक्याचं फडकं सोडलंत आणि वाटी त्यात पालथी केलीत. विरजणात. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "उद्यापासून कोर्ट तू पाह्य. मले दिसत नाही." डोळ्यांच्या तारखेला मी तुम्हाला न्यायला रिक्षा आणली तर आला नाहीत. "आता काय पाह्याचं राहिलं?" एवढंच. वैशाखात गेलात. त्या चार महिन्यांत तुम्ही त्या चेंडूबद्दल एक शब्द काढला नाहीत, आणि मी वाट बघत राहिलो की तुम्ही शिव्या द्याल. रोज जेवायला बसताना वाटायचं, आज.

पुढच्या संक्रांतीला मी विरजण पसरलं, कोर्ट बांधलं. विश्रांतीच्या दिवशी सकाळी सगळं आवरून बाहेर आलो, फाटकाला कडी लावली, वळून पाहिलं तर डाव्या कोपऱ्यात ठसा. एकच. लांबट, रेषेला अर्धा चाटून, चुन्याचा कपचा उडालेला, पुढच्या कडेला माती नखाएवढी वर. मला वाटलं करंजाची शेंग पडली, खार गेली. जवळ जाऊन बघितलं, शेंग नव्हती. चटईने पुसला, पाणी मारलं, रेषा नवीन केली. सगळं कोर्ट ओलं काळसर दिसत होतं, तेवढी अंड्याएवढी जागा मात्र फिकी, कोरडी. दुपारी तिथे पुन्हा ठसा. फायनलच्या सकाळी पुन्हा पुसला. खेळ सुरू झाल्यावर आला नाही.

दरवर्षी, बाबा. दर विश्रांतीच्या दिवशी. एका वर्षी मी उजाडल्यापासून स्टूल टाकून समोर बसलो. नजर हलवली नाही. दहा वाजेपर्यंत माती कोरी. मग माठातून पाणी घ्यायला वळलो, दोन घोट प्यायलो आणि परत बघितलं. होता. एकदा तुमची सून डबा घेऊन आली होती. तारेपाशी थांबून म्हणाली, "अहो, आज तं विश्रांती ना? कोण खेळून गेलं?" मी म्हटलं, कोणी नाही. तिने चपला काढल्या, कडेकडेने आत गेली, वाकून पाहिलं. "चेंडूच आहे न हा? आत पडलेला." मग सरळ झाली आणि माझ्याकडे एका वेगळ्याच नजरेने बघायला लागली. "मामाजी काहीतरी दाखवून राहिले तुमाले. पुसू नका." तिच्या देखत मी पुसला. तेव्हापासून ती कोर्टावर आलेली नाही. डबा मुलाच्या हाती पाठवायची. तुमचा नातू मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देतो, त्याला यातलं काही माहीत नाही, आणि मी सांगितलं तर म्हणेल, पापा, आँखें चेक करवाओ.

जुना क्लब पाडला, तिथे आता गाड्या उभ्या राहतात. स्पर्धा इकडे आली. इकडची सगळी कोर्टं निळी, रंगवलेली, त्यांवर ठसा उठत नाही. मी देवाचे आभार मानले. पण ही स्पर्धा मातीवरचीच असते म्हणून एक कोर्ट लाल ठेवलं आणि ते बांधता येणारा माणूस कोणाला मिळेना, तर मला शोधत आले. मी नाही म्हणू शकलो असतो. मडकं घेऊन बसमध्ये बसलो. कंडक्टर मडक्याकडे बघून म्हणाला, "का धरे हस बबा? दही?" मी म्हटलं, हव. मांडीवर धरून इथवर आणलं. ते सदर बाजारच्या गर्दीत कुठे टाकून दिलं असतं तर कोणाला कळलं नसतं. तुम्हीच सांगा, का नाही टाकलं? इथल्या मातीत आधी तीच पसरली. इथे अर्ध्या मैलात झाड नाही, शेंग पडायला जागा नाही, खार नाही, वर कॅमेरे आहेत. पहिल्याच विश्रांतीच्या दिवशी डाव्या कोपऱ्यात तो आला. पहारेकरी म्हणाला, "यहाँ तो कुत्ता भी नहीं आता, बाबा."

आता आजचं. नळ बघायला तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ठसा होता. त्याची आता मला सवय आहे, असं म्हटलं तरी चालेल. पण आज त्याच्याभोवती वर्तुळ आहे. काडीने काढलेलं. आणि पूर्ण नाही, बोटभर मोकळं आहे. बाबा, असं वर्तुळ काढणारी दोनच माणसं होती, आणि मी आज काडी हातात धरली नाही. मी बराच वेळ तारेपाशी उभा होतो. मग लक्षात आलं की दार अंपायरच्या खुर्चीकडे नाही. या खोलीकडे आहे. मी आता बसलो आहे तिथून बरोबर समोर दिसतं.

काही वेळापूर्वी मॅडम येऊन गेल्या. खुशीत होत्या. म्हणाल्या, "काका, तो डावखुरा खेळाडू आठवतो? त्यांचा पत्ता लागला. आता मुलांना शिकवतात. फोनवर विचारलं मी, त्या फायनलचं. ऐका काय म्हणाले." आणि लिहून घेतलेलं वाचून दाखवलं. "उस बाबा ने कहा था तो आउट ही होगी. वो आदमी झूठ नहीं बोलता था. मैं आज तक बच्चों को उसका किस्सा सुनाता हूँ." मॅडमचे डोळे भरून आले होते. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर तुमचा फोटो येणार आहे, मातीला हात लावून बसलेला, आणि खाली हे वाक्य. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही फक्त त्या दिवसाचं चार ओळीत लिहा. मुलगा म्हणून." मी हो म्हटलं. त्यांना कोर्टाकडे बघू दिलं नाही, बोलत बोलत दुसऱ्या दाराने नेलं.

म्हणून मी अडकलो आहे. खरं लिहावं, तर तुमचं "हाच आहे" खोटं ठरतं, आणि तेही तुमच्या फोटोखाली. कुठल्या तरी गावात पोरांना तुमचं नाव घेऊन खरं बोलायला शिकवतात, ते संपतं. न लिहावं, तर हा ठसा. मी किती वर्षं आहे अजून? माझ्यामागे विरजण दुसरा कोणी पसरेल, त्याला कळणारही नाही की काय उगवतं आहे. मला एकच गोष्ट तुमच्याकडून हवी आहे. त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं का? साय आली होती, तुम्हाला दिसलं नसेल, तुम्ही पोरावर विश्वास ठेवून बोललात, असं असेल तर तुम्ही खोटे नाही. मग मी एकटाच, आणि तसं मी सुखाने लिहीन. पण तुमचा तळवा होता, बाबा. त्या तळव्याला माती ओली का सुकी ते कळायचं. तिथे चेंडूच्या खळग्यावर नागमोडी रेघा उठल्या होत्या. तुम्ही त्याच जागी हात ठेवलात, आणि संध्याकाळी तोच बूट मांडीवर घेतलात.

कारण ऊन डोळ्यांत नव्हतं. सूर्य करंजाच्या मागे गेला होता, माझ्यावर सावली होती. चेंडू पडताना मी पाहिला, चुना उडताना पाहिला. मग त्याच्यावर पाय ठेवला, अंगाचं वजन टाकून ठेवला, आणि बाजूच्या जुन्या ठशाला वर्तुळ काढलं. दरवर्षी जो येतो त्यात बुटाच्या रेघा नसतात. माझा पाय पडायच्या आधीचा आहे तो. हे मी तुमच्या सुनेलाही सांगितलेलं नाही.

हे पत्र मडक्यात ठेवायचं मनात होतं, पण ओल लागून शाई फुटेल, म्हणून शर्टाच्या खिशात ठेवतो. साडेपाचची बस चुकवून चालणार नाही, पुढची कधी येईल सांगता येत नाही. चटई मी भिंतीला लावून ठेवली आहे. आज पुसत नाही. सकाळी पहिल्या बसने येईन, उजाडलेलं असेल. मॅडमना नऊ वाजता कागद द्यायचा आहे. तुम्हाला कळलं नव्हतं, असं असेल तर ते वर्तुळ मिटवून ठेवा. कळलं होतं आणि तरी मी लिहावं असं वाटत असेल, तर बोटभर जागा सोडली आहे ती तशीच राहू द्या. गप्प राहायचं असेल तर ती बंद करा. मला तुमची खूण वाचता येते. फक्त लवकर कळवा, बाबा, नऊच्या आत.